भटजी नव्हता, म्हणून सुटलो!

लग्नात भटजी उशिरा आला की वरबाप घड्याळ बघतो. आणि आला तो भटजीच नव्हता, असं दहा वर्षांनी कळलं तर? नवरदेव हादरेल, असं भाबड्या वऱ्हाड्यांना वाटेल. कोर्टाची दप्तरं मात्र सांगतात की अशा वेळी काही नवरदेवांनी पेढे वाटावेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका वधूपित्याने मुलीचं लग्न स्वतःच लावलं. गृहस्थ साधे कॅथलिक. फक्त 10 डॉलर भरून त्यांनी ‘युनिव्हर्सल लाइफ चर्च’कडून धर्मगुरुपदाचं प्रमाणपत्र टपालाने मागवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोचं हे चर्च मागेल त्याला धर्मगुरू करतं. त्याचे संस्थापक कर्बी हेन्सली यांना स्वतःला लिहितावाचता येत नसे, त्यामुळे उमेदवाराची परीक्षा घेण्याचा प्रश्न मिटलाच होता! पुढे संसार फिसकटला, जावयाने दुसरं लग्न केलं आणि द्विभार्येच्या खटल्यात सापडला. मग त्याला अचानक सासऱ्यांची पात्रता आठवली. 1980 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं: सासरे धर्मगुरू नाहीत, म्हणून पहिलं लग्न लग्न नाही, म्हणून गुन्हाही नाही. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून 3 जुलै 1981 पूर्वी या चर्चच्या धर्मगुरूंनी लावलेली लग्नं वैध ठरवली.

आपण मागे कसे राहू?

1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात भटजीचं नावही नाही. दोघांपैकी एकाच्या चालीरीतीचे विधी झाले की पुरे. रीतीत सप्तपदी असेल तर मात्र सातवं पाऊल पडल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. याच पावलावर महाराष्ट्रातला एक नवरा तरला. त्याने 1962 मध्ये ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरं लग्न केलं. हार घातले, कपाळाला कपाळ टेकवलं. या पद्धतीत भटजी लागतोच असं नाही, अशी साक्षही झाली. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये विचारलं, होम कुठे आहे, सप्तपदी कुठे आहे? नव्हती. नवरा निर्दोष. तिकडे पहिलं लग्न पुसलं गेलं, इकडे दुसरं; दोन्हीकडे नवरा तेवढा शाबूत. त्या बायकांचं काय झालं, हे निकालपत्राच्या कक्षेबाहेरचं.

त्यापेक्षा जुन्नरजवळच्या ओतूरचे ग्रामजोशी सरळ म्हणायचे. सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात भटजीविना पहिलं लग्न लावलं आणि ते लोण जुन्नरकडे पोचलं. ओतूरच्या एका पाटलाने जोशांना न बोलावता घरचं कार्य उरकलं, तेव्हा जोशी कोर्टात गेले. नवरानवरी नवरानवरी आहेत की नाहीत, याची त्यांना फिकीर नव्हती. दाव्याचा विषय एवढाच होता की मंत्र म्हणायला बोलावलं नाही, तरी दक्षिणा द्या. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं आणि तिथे पाटील जिंकला.