समोरच्याचा पार्ट

मोटारीचे सगळे भाग मालकाच्या सुखासाठी असतात. सीट मालकाच्या पाठीसाठी, एसी मालकाच्या घामासाठी आणि हॉर्न मालकाच्या रागासाठी. इंडिकेटर आणि ब्रेकलाइट दुसऱ्याला दिसतात खरे, पण मागच्याने आपल्याला ठोकू नये एवढाच त्यातला परोपकार. सायलेन्सर हा एक भाग निव्वळ दुसऱ्याच्या कानांची काळजी घेणारा होता; तो बुलेटवाल्यांनी केव्हाच काढून ठेवला. आता निखळ परोपकारी असा एकच भाग उरला आहे. तो गाडीच्या बुडाखाली, मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला चिखल खात बसतो आणि त्याला हेडलाइट लेव्हलिंग सेन्सर म्हणतात. आमच्या गाडीतला तो गेला, आणि परोपकाराचा बाजारभाव मला कळला.

गाडी जुनी, परदेशी वळणाची. 15 वर्षं भरल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून तिच्यासाठी आणखी 5 वर्षं मागून घेतली आहेत. तिचे दिवे झेनॉनचे. ते लावले की झोत आधी खाली जातो, मग वर येतो आणि मग आपल्या जागी थांबतो. ही तिची स्वतःची तपासणी. आमच्या वॉचमनची मात्र समजूत आहे की गाडी त्याला नमस्कार करते. तोही न चुकता हात उचलतो. एका संध्याकाळी झोत खाली गेला तो वर आलाच नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर मला गाडीपुढच्या आठ-दहा पावलांतले खड्डे अगदी स्वच्छ दिसत होते. त्यापलीकडे रस्ता आहे, हे केवळ श्रद्धेने मानायचं.

मामला असा असतो. डिकीत वजन पडलं की गाडीचं बूड दबतं, नाक वर येतं, आणि नाकावरचे दिवे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत शिरतात. डिपरवर असताना झोताची वरची कड साधारण 10 मीटरवर 10 सेंटीमीटर उतरलेली असावी लागते. अंशांत मोजलं तर हा उतार अर्ध्या अंशाच्या जरासा वर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल, तर मागची बाजू अडीच सेंटीमीटर दबली की तो सगळा संपला. गावाहून निघताना डिकीत तांदळाचं पोतं, त्यावर नारळ, नारळांवर फणस आणि मागच्या सीटवर 'मला काय, कोपऱ्यात बसेन' म्हणणाऱ्या दोन मावश्या, एवढ्यात समोरच्याचा उतार आपण कधीच खाऊन टाकलेला असतो.

हे दुखणं जुनं आहे. फ्रान्समध्ये 1948 साली सित्रोएनची 'टू सीव्ही' लोकांसमोर आली. शेतकऱ्याला 50 किलो बटाटे घेऊन जाता यावं आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. अंडी वाचवायची म्हणून स्प्रिंगा मऊ केल्या, आणि स्प्रिंगा मऊ म्हणून बटाटे भरताच दिवे आभाळाकडे. मग दोन्ही दिवे एका आडव्या दांडीवर बसवले आणि ती फिरवायला ड्रायव्हरच्या हाताशी एक मूठ दिली. बटाटे भरले, मूठ फिरवली, दिवे खाली. फ्रेंच शेतकरी ही मूठ खरोखर फिरवत होते की नाही, याबद्दल मला शंका आहे. कारण आपल्याकडे साध्या हॅलोजन दिव्यांच्या बऱ्याच गाड्यांत तिचीच नात असते: स्टेअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांची बारकीशी चकती. एकटा ड्रायव्हर असेल तर 0. वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो. ही चकती कशाची, असं मी ओळखीच्या गाडीवाल्यांना विचारून पाहिलं. एक म्हणाले एसीची. एक म्हणाले डॅशबोर्डच्या उजेडाची. तिसऱ्यांनी 'असते ती' एवढंच सांगून विषय बदलला. कारखान्यातून 0 वर आलेली चकती 0 वरच भंगारात जाते.

युरोपातल्या नियम करणाऱ्यांना माणसाचा हा स्वभाव ठाऊक असावा. 1991 साली बीएमडब्ल्यूने आपल्या 7 सीरिजमध्ये झेनॉनचे दिवे आणले. हॅलोजनचा बल्ब 55 वॅट खाऊन दीड हजार लुमेनच्या आसपास उजेड देतो. झेनॉन 35 वॅटमध्ये 3200 देतो. एवढा उजेड माणसाच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नव्हता. तेव्हा तिथे नियम झाला की डिपरच्या दिव्याचा उजेड 2000 लुमेनच्या वर असेल, तर त्याची उंची गाडीने स्वतःची स्वतः सांभाळायची. मालकाला विचारायचंच नाही.

म्हणून हा सेन्सर. मागच्या चाकाच्या आर्मला बोटभर लांबीची एक दांडी जोडलेली असते, दांडीचं दुसरं टोक सेन्सरच्या हाताला. बूड दबलं की दांडी हलते, हात फिरतो, आत चुंबक फिरतो आणि त्याची बातमी व्होल्टमध्ये पुढे जाते. हे ज्या तत्त्वावर चालतं ते एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने 1879 साली शोधलं, म्हणजे बेंझची मोटार निघण्याच्याही आधी. बातमी मिळाली की हेडलाइटमधल्या चिमुकल्या मोटरी झोत तेवढाच खाली आणतात. म्हणजे घरात जे कोणी तोंडाने बोलू शकत नाही ते या गाडीला दर सहलीला नेमकं कळत होतं. कोणत्या मावशीचं वजन किती वाढलं, माहेरून निघताना 'काही नाही हो, थोडासा खाऊ' म्हणून दिलेल्या पिशवीत खरोखर काय आहे, सगळं कळत होतं. आणि कळूनही ती चकार शब्द काढत नव्हती. फक्त नजर खाली घालत होती. असा विवेक माणसांतही दुर्मिळ.

तर हा सेन्सर गेला. जाणारच होता. पावसाळ्यात पाण्यात, उन्हाळ्यात धुळीत आणि बारमाही स्पीडब्रेकरवर. आमच्या फिटरने खाली वाकून बॅटरी मारली आणि निदान केलं, "साहेब, दांडीचा बॉल जाम झालाय, आणि कपलरमधे पाणी गेलंय. सोडून द्या."

"सोडून द्या म्हणजे?"

"ते कनेक्शनच काढून टाकू. दिव्याच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवून झोत वर करून देतो. मस्त लांबपर्यंत दिसेल."

"आणि समोरच्याला?"

फिटर माझ्याकडे बघत राहिला. हा प्रश्न त्याला गॅरेज काढल्यापासून कोणी विचारला नसावा. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, समोरचा अप्परवरच येतो."

या वाक्याला उत्तर नाही. आपल्या रस्त्यांवर रात्री संभाषण चालतं ते याच तत्त्वावर. समोरच्याने अप्पर मारला, म्हणून मी मारला. मी मारला म्हणून तो खाली करत नाही. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' असं सुबक अक्षरांत रंगवलेलं असतं. ते मागच्याने वाचायचं असतं, लिहिणाऱ्याने नव्हे. पूर्वी तर हेडलाइटच्या काचेवर वरच्या अंगाला काळा रंग मारलेला असायचा. दिवे मिणमिणते होते, तरी लाज होती. आता दिवसाचा उजेड पडतो आणि काच स्वच्छ आहे.

घरीही बहुमत फिटरच्या बाजूने होतं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, काढा ते झेनॉन, एलईडी टाका. दिवस होतो दिवस." त्याच्या गाडीसमोर एकदा मी स्कूटरवरून आलो होतो. दिवस होतो हे खरं. पण मला त्यात फक्त दिवसच दिसत होता, रस्ता नाही. बायकोने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "अहो, दिवे लागतायत ना? मग बदलायचं काय?" मी सांगितलं, की हा खर्च आपल्या दिसण्यासाठी नाही, समोरून येणाऱ्याला दिसावं म्हणून आहे. तिने विचारलं, "तो ओळखीतला आहे का?"

मी शास्त्रशुद्ध मुद्दा काढला: समोरचा आंधळा झाला तर शेवटी आपल्याच अंगावर येणार. या मुद्द्यातला परोपकार नाहीसा होऊन स्वार्थ दिसू लागताच खर्च मंजूर झाला.

शोरूमने नवा पार्ट परदेशातून मागवावा लागेल असं सांगून जी किंमत सांगितली, त्यात आमच्या गाडीचे चारही टायर आले असते. नाना पेठेतल्या दुकानदारांनी असा काही पार्ट असतो हेच मान्य केलं नाही. "दिव्याचा सेन्सर मागच्या चाकाला? काका, कोणीतरी तुम्हाला फसवलं." शेवटी कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे गाड्यांचा अंत होतो आणि पार्टांचा पुनर्जन्म. काऊंटरवरच्या माणसाने माझ्या हातातला मेलेला सेन्सर उलटा करून नंबर वाचला आणि आत ओरडला, "पीछे का लेव्हल सेन्सर, राइट!" मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत त्याला नावाने ओळखणारा पहिला माणूस भेटला होता. नंबरचं शेवटचं अक्षर सुद्धा जुळलं. "गॅरंटी?" असं मी विचारताच तो म्हणाला, "साहब, गाडी की गॅरंटी है क्या?" मी पैसे मोजले.

बसवण्याचं काम पुस्तकात दोन ओळींचं आहे: दोन बोल्ट काढा, कपलर काढा, नवा लावून उलट क्रमाने जोडा. पुस्तक लिहिणाऱ्याने पावसाळा पाहिलेला नसतो. एक बोल्ट पान्याला दाद देईना. स्प्रे मारला, हातोडीने गोंजारलं, गॅरेजमधल्या पोऱ्याने त्याच्या आईचा उद्धार केला, तेव्हा तो कुरकुरत सुटला. दुसरा सहज फिरू लागला म्हणून आम्ही खूश झालो, तर तो नुसताच फिरत राहिला. आटे गेले होते. सेन्सर बसला, पण पिवळा दिवा तसाच. फिटर म्हणाला, "आता कॅलिब्रेशन. स्कॅनर लावून तिला सांगावं लागतं की सपाट म्हणजे काय."

खरी अडचण इथेच होती. गाडीला सपाट म्हणजे काय ते सांगायचं, तर आधी सपाट जागा हवी. गॅरेजचा उतार नाल्याकडे, बाहेरचा रस्ता केबलवाल्यांनी खणलेला, मैदानात मांडवाचे खड्डे. पुणे शहरात 10 मीटर सपाट जमीन आणि तिच्या टोकाला मोकळी भिंत, एवढी माफक मागणी घेऊन आम्ही फिरलो. अखेर आमच्याच सोसायटीचं पार्किंग निघालं, आणि समोर 'येथे जाहिराती लावू नयेत' अशी भिंत.

गाडी रिकामी हवी, म्हणून डिकी उपसली. चटई, छत्री, हवा भरायचा पंप, गेल्या गणपतीचा पाट, कोणाच्या तरी लग्नातला फेटा, आणि बायको वर्षभर शोधत असलेला कुकर. टायरची हवा बरोबर केली. मग ड्रायव्हरच्या सीटवर माणूस हवा. युरोपच्या हिशेबात माणूस 75 किलोचा धरलेला आहे. मी त्या माणसाला काही वर्षांपूर्वी मागे टाकलं आहे. गॅरेजचा पोऱ्या त्याच्या जवळपासही पोचलेला नाही. पोऱ्याच्या मांडीवर तो कुकर आणि पाट देऊन आम्ही युरोप गाठला.

अंधार पडल्यावर दिवे लावले. भिंतीवर खडूने दिव्याच्या उंचीची रेघ, तिच्याखाली 10 सेंटीमीटरवर दुसरी. सोसायटी जमली. "पिक्चर आहे का?" वॉचमनने विचारलं. फिटरने स्कॅनरचं बटण दाबलं. झोत खाली गेला, वर आला, आणि त्याची कड खालच्या रेघेवर येऊन बसली. पिवळा दिवा विझला. वॉचमनने हात उचलला.

खालच्या मजल्यावरचे काका हे सगळं हाताची घडी घालून बघत होते. त्यांची गाडी छोटी, हॅलोजनची. "एवढा खटाटोप झोत खाली आणायला?" त्यांनी विचारलं. मी उत्साहाने डिकी, वजन, समोरच्याचे डोळे, सगळं सांगितलं आणि त्यांच्या गाडीतली ती चकतीही दाखवली. काकांनी ती पहिल्यांदाच पाहिली. "0 वर आहे की रे ही! म्हणजे आजवर मी शून्य उजेडात गाडी चालवली?" मी खुलासा करणार, तोवर ते जेवायला गेले.

काम झाल्यावर मी रात्री सातारा रस्त्याला चक्कर मारली. समोरून कोणी अप्पर मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. एवढ्या खर्चाचं फळ म्हणजे काहीही न घडणं. आभार मानायला कोणी थांबलं नाही; मेहुण्याच्या मते समोरच्यांकडून वर्गणी काढायला हवी होती.

काका परवा लिफ्टमध्ये भेटले. तक्रारीच्या सुरात म्हणाले, "अरे, ती चकती मी फुल 3 वर ठेवली. पण उजेड काही वाढत नाही बुवा. उलट कमीच लांब दिसतं. चाळिशीच्या वर जाववत नाही. बिघडली असेल का?"

मी क्षणभर विचार केला. आमच्या रस्त्याने रात्री येणारे स्कूटरवाले आठवले.

"नाही हो काका," मी म्हणालो, "अगदी उत्तम चालू आहे. फक्त डिकी भरून चालवत जा."