लोहगडवाडीचा कोंबडा : स्वभाव, आहार आणि रविवारचे मालक

लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीच्या परिसरात, म्हणजे लोहगडवाडीपासून खाली भाजे गावापर्यंत आणि पलीकडे पवना धरणाच्या काठाने, कोंबडा पाळणारी माणसे स्थूलमानाने दोन वर्गांत मोडतात. पहिला वर्ग बारमाही पाळकांचा. त्याला या विषयात कोणाच्याही मार्गदर्शनाची गरज नसल्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्याचा उपयोग केवळ माहिती मिळवण्यासाठी केला आहे. दुसरा वर्ग रविवारच्या मालकांचा, म्हणजे पुण्यामुंबईत नोकरी-व्यवसाय करून मावळात काही गुंठे घेतलेल्या, त्यांवर उतरत्या छपराचा बंगला बांधलेल्या, बंगल्याला संस्कृत नाव दिलेल्या आणि त्यानंतर आवारात काहीतरी जितेजागते असावे असे वाटू लागलेल्या गृहस्थांचा. हे जितेजागते बहुधा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा या स्वरूपात अवतरते. शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्ग तुंबण्याच्या आतपर्यंत हे गृहस्थ पाळक असतात. उरलेला आठवडा पक्षी शेजारच्या मावशींच्या भरवशावर असतात, आणि या मावशी बंगल्याच्या एकाही छायाचित्रात दिसत नाहीत.

निवडीविषयी. कोंबडा घेताना रविवारचा मालक ‘प्युअर गावठी’ असा आग्रह धरतो, जणू पक्ष्याने सातबारा काढून दाखवायचा आहे. वास्तविक पाळीव कोंबडी ही मुळात आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबडीची वंशज असून, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तिच्या कातडीचा पिवळा रंग मात्र राखी रानकोंबडीकडून, म्हणजे सह्याद्रीच्या झाडीतही राहणाऱ्या पक्ष्याकडून, आलेला आहे. तेव्हा शुद्धतेचा प्रश्न बंगल्याचा पाया खणण्याच्या पुष्कळ आधी निकालात निघाला आहे. पाहायचे ते वेगळेच असते: तुरा लाल व ताठ असावा, डोळे स्वच्छ असावेत, नाकपुड्या कोरड्या असाव्यात, पायाची बोटे सरळ असावीत. मारकेपणा बऱ्याच अंशी रक्तातून येत असल्यामुळे, ज्या घरातून कोंबडा आणायचा त्या घरी त्याच्या बापाची वर्तणूक पाहून घ्यावी. बाप हयात नसल्यास तो कोणत्या कारणाने कामी आला याची चौकशी करावी, कारण गावात मारक्या कोंबड्याचा नंबर नेहमी पहिला लागतो.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. सहा कोंबड्यांत ‘त्याला सोबत हवी’ म्हणून दुसरा आणू नये. अंडी मिळण्यासाठी तर कोंबडा मुळीच लागत नाही. तो लागतो अंडी फळावीत आणि खुडूक बसलेल्या कोंबडीखाली एकवीस दिवसांनी पिल्ले निघावीत यासाठी. हे ज्ञान रविवारच्या मालकाला साधारणपणे कोंबडा आणल्यानंतर होते.

स्वभावाविषयी. कोंबड्याच्या स्वभावाचे मर्म त्याच्या खाण्यात आहे, आणि म्हणून हे दोन विषय येथे वेगळे काढलेले नाहीत. एखादा किडा किंवा दाणा सापडला की कोंबडा तो लगेच गिळत नाही. घाईघाईने टुकटुक असा आवाज करीत तो उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, आणि कोंबड्या धावत आल्या की त्यांना खाऊ देतो. या वर्तनाला प्रस्तुत लेखनात ‘दाणा दाखवणे’ असे म्हटले आहे. काही कोंबडे खाण्याजोगे काहीही नसताना हीच हाक देतात, असे अभ्यासकांना आढळले. आणि वारंवार फसलेल्या कोंबड्या अशा कोंबड्याच्या हाकेला हळूहळू दाद देईनाशा होतात, असेही दिसून आले.

आता रविवारच्या मालकाचे निरीक्षण करावे. तो छाती काढून आवारात येतो, मोठ्याने ‘या, या, या’ अशी हाक देतो, आणि त्याच्या हातात पाहावे तर मोबाइल असतो. पहिल्या दोन-तीन शनिवारी कोंबड्या येतात. पुढे त्या येत नाहीत, आणि मालक ‘यांना माणसांची सवय राहिली नाही’ असा निष्कर्ष काढून मावशींकडे पाहतो. मावशींच्या हातातले सूप मात्र नुसते वाजले तरी सगळा कळप परसदारी गोळा होतो, कारण त्या सुपात कधी काही नव्हते असे झालेले नाही.

यातून मारण्याचा प्रश्न उद्भवतो. नॉर्वेच्या थॉर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे याने १९२२ साली मांडून दाखवले की कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते. प्रत्येक पक्ष्याला आपली पायरी ठाऊक असते आणि ती ठाऊक असेपर्यंत शांतता नांदते. मावशींची पायरी कोंबड्याच्या दृष्टीने ठरलेली आहे. त्या रोज येतात, सारख्याच चालीने चालतात आणि त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. आठवड्यातून एकदा उगवणारा, कोंबड्यांना हाका मारणारा, भडक टीशर्ट घातलेला आणि तुऱ्याच्या जागी लाल टोपी चढवलेला प्राणी कोणत्या पायरीवरचा, हा प्रश्न कोंबड्याला दर शनिवारी नव्याने सोडवावा लागतो, आणि त्याच्यापाशी तो सोडवण्याची एकच पद्धत आहे.

हल्ल्याची पूर्वसूचना मिळते. एक पंख जमिनीकडे पाडून कोंबडा तिरक्या चालीने अर्धवर्तुळ घेऊ लागला, मानेची पिसे फुलवली, किंवा दाणा नसताना जमीन टोचू लागला, तर तो विचार करीत नाही, निर्णय घेऊन मोकळा झाला आहे. अशा वेळी पळू नये. पळणारा हरतो आणि पुढच्या आठवड्यातही हरलेलाच राहतो. लाथ मारू नये. लाथ ही त्याच्या भाषेत लढाईची संमती असते. बादली किंवा सूप पुढे धरून सावकाश त्याच्याच दिशेने चालत राहावे, तो बाजूला झाला की आपल्या कामाला लागावे; फारच अंगावर आला तर पंखांसकट काखेत धरून तो ढिला पडेपर्यंत घेऊन हिंडावे. कोंबड्याच्या पायामागचा काटा लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला सहज पोहोचतो, म्हणून मुलांना त्याच्याबरोबर एकटे सोडू नये. ‘तो खेळतोय’ असे पाहुण्यांना सांगू नये. तो खेळत नाही.

सर्वांत मारका कोंबडा कोणता, याचे उत्तर रविवारच्या मालकाला रुचत नाही. पिल्लू असताना तळहातावर दाणे खाल्लेला, मांडीवर बसवलेला, ‘सरदार’ असे नाव मिळालेला कोंबडाच चार-पाच महिन्यांत आरवू लागला की पायावर झेपावतो, असा बहुतेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. कारण त्याची माणसाविषयीची भीती गेलेली असते आणि तिच्या जागी आदर आलेला नसतो. मावशींनी हे वेळीच सांगितलेले असते. “दादा, त्याला लई चुचकारू नका. कुत्रं न्हाई ते.” दादा हसतात आणि आणखी एक छायाचित्र काढतात. पुढे पोटरीवर आयोडीन लावताना हे वाक्य त्यांना आठवत नाही. आठवते ते इतकेच की मावशींनी कोंबड्याला ‘वळण’ लावले नाही.

आहाराविषयी. मालक शहरातून येताना अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या खाद्याचे पोते गाडीतून आणतो. या खाद्यात कवचासाठी सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेले असते. कोंबड्याला एक टक्काही पुष्कळ होते, आणि जादा कॅल्शियम दीर्घकाळ पोटात जात राहिले तर मूत्रपिंडे निकामी होतात. सबब सर्वांना वाढत्या पक्ष्यांचे साधे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; कोंबड्या गरजेपुरता तो स्वतः खातात.

पूर्ण वाढलेल्या कोंबड्याला दिवसाला सुमारे शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य पुरते, परंतु ते त्याच्या पोटात जाते की नाही हे पाहावे लागते. दाणा दाखवण्याच्या नादात चांगला कोंबडा उपाशी राहतो. पिसांच्या डौलावरून हे कळत नाही. हात घालून छातीचे हाड चाचपावे, ते धारेसारखे लागले तर संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन वेगळे खाऊ घालावे. दिवसभर टेचात मिरवायचे, सापडेल ते बायकापोरांपुढे टाकायचे आणि स्वतः कोरड्या चोचीने उभे राहायचे, हे पाहिल्यावर या मारक्या प्राण्याबद्दल मनात काही मऊ झाले तर ते शास्त्राला सोडून नाही.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळाची कणी घरोघर असते आणि पक्षी ती आवडीने खातात, पण नुसत्या कणीत प्रथिने थोडी. त्यांची भरपाई उकिरडा करतो. शेणाचा ढीग उकरून निघणाऱ्या अळ्या, वाळवी, गांडुळे हे कोंबड्याचे मांसाहारी ताट आहे, आणि रविवारचा मालक ‘हायजीन’ म्हणून पहिल्याच वर्षी तो उकिरडा हलवून तिथे लॉन लावतो. लॉनवर फवारतो. मग कोंबड्यांसाठी वाळवलेल्या अळ्यांचे पाकीट ऑनलाइन मागवतो. याच मालिकेत पुढे ‘ग्रिट’ नावाची बारीक खड्यांची पिशवी येते. कोंबडीला दात नसल्यामुळे ती खडे गिळते आणि जठराच्या जाड स्नायूत, ज्याला मटणाच्या दुकानात पेठा म्हणतात, त्या खड्यांनी दाणा दळते, हे अगदी खरे. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून दगड विकत घेणे हा प्रकार मावशींनी अद्याप कोणाला सांगितलेला नाही, कारण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पावसाळ्यात मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला माहीत झाले. मावळात चार महिने भिंतीसुद्धा हिरव्या होतात. पोते जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावे, पंधरवड्यापुरतेच आणावे, कुबट वास आला की फेकावे. ‘एवढे महागाचे आहे, उन्हात घालून बघू’ असे म्हणू नये. ऊन दसऱ्याला येईल.

लोणावळ्याची चिक्की, वेफर, मॅगी देऊ नये, पाहुणे देतात.

स्वच्छ पाणी रोज बदलावे.

राणीखेत, म्हणजे मानमोडी, या रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. एका रात्रीत खुराडे रिकामे करणारा रोग आहे. या नियमात विनोदाला जागा नाही.

आरवण्याविषयी. बंगला भाड्याने देताना मालक जाहिरातीत ‘पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने जाग येते’ असे लिहितो, आणि पाहुणे नेमकी हीच तक्रार नोंदवून जातात. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे सर्वांना पाठ आहे. पण डालग्याखाली झाकलेला कोंबडा गप्प राहतो का, याबाबत म्हण मौन पाळते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंगच्या घड्याळाने ठरल्या वेळी आरवतात, आणि २०१५ साली असेही दाखवले की पहिली बांग नेहमी उतरंडीतल्या वरच्याची, बाकीच्यांनी त्याच्यामागून ओरडायचे. वाडीतल्या कोणत्याही घरी हे फुकट सांगितले असते. खुराड्याचे छप्पर बुटके असले तर कोंबड्याला मान पुरती उंचावता येत नाही आणि आवाज थोडा दबतो. याहून अधिक काही होत नाही. पाहुण्यांना खिडकी लावून घ्यायला सांगावे.

आषाढाविषयी. कोंबड्याच्या आयुष्याला रोगापेक्षा, मुंगसापेक्षा आणि घारीपेक्षाही मोठा धोका पंचांगात आहे. आषाढ अमावास्येनंतर, म्हणजे बोलीतल्या गटारीनंतर, श्रावण पाळायचा असल्यामुळे त्याआधीच्या आठवड्यात गावठी कोंबड्याला असाधारण मागणी येते. त्याच दिवसांत धबधबे सुरू झालेले असतात आणि मळवली स्टेशनवरून भाजे मार्गे गडाकडे माणसांची रांग लागलेली असते. लोहगडाचे नाव जागतिक वारसा यादीत गेले ते जुलै २०२५ मध्ये, म्हणजे तेही नेमके आषाढात. गडाला संरक्षण मिळाले, पायथ्याच्या कोंबड्यांविषयी त्यात काही नाही. म्हणून आषाढाच्या शेवटच्या पंधरवड्यात कोंबडा मावशींच्या घरी, आतल्या पडवीत ठेवावा. फाटकापाशी भिजलेले ट्रेकर उभे राहून ‘काका, गावठी मिळेल का?’ असे विचारतील. हा कोंबडा विकायचा नाही असे सांगावे, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारले तरी भाव सांगू नये.