भाऊंचा सीड

आमच्या ऑफिसातल्या भाऊंचा सत्यनारायणावर विश्वास आहे, पीएचपीच्या रँडमवर नाही. "आपोआप झालेलं काही धड नसतं रे," असं म्हणत ते प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसरँडची ओळ लिहितात. घड्याळातले मायक्रोसेकंद, गुणिले दहा लाख. ही ओळ २००२ साली, पीएचपी ४.२ आलं तेव्हाच बिनकामाची झाली. तेव्हापासून भाषा स्वतःच सीड घालून घेते. भाऊंना हे सांगायला जावं, तर चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "तेव्हा तू कितवीत होतास?"

पीएचपी ७.१ पासून रँडच्या आतही मर्सेन ट्विस्टर चालतो, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी जोडीचा. त्यातल्या आकड्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला दोनाचा १९९३७वा घात वजा एक इतके आकडे जावे लागतात. भाऊ म्हणाले, "असेल, असेल." आणि यादी तीनदा शफल केली. "एकदाच पिसून पत्ते वाटतं का कोणी?"

सोसायटीच्या गणपतीत लकी ड्रॉचा प्रोग्राम अर्थातच भाऊंचा. ट्रायलला दर वेळी वेगळं नाव नको म्हणून त्यांनी सीड १०८ असा पक्का करून ठेवला, आणि तो तसाच राहिला. ट्रायलमध्ये मिक्सर चेअरमनसाहेबांना लागला होता. रात्री आरतीनंतर स्टेजवर बटण दाबलं, पुन्हा चेअरमनसाहेब! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोठ्यानं "वाऽऽ" केलं. भाऊंचा चेहरा मात्र फुललेला. "बरोबरच आहे! सीड तोच, तर क्रम तोच. स्युडो-रँडम म्हणतात याला!" चेअरमनसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. शेवटी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून पहिलीतल्या मुलीला बोलावलं. भाऊंनी डबा तीनदा हलवून घेतला.

सोडत, ओटीपी, पासवर्ड असल्या कामांना पीएचपी ७ पासून रँडम-इंट आहे. ते आकडे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून आणतं, सीड मागतच नाही. भाऊंचा राग आहे तो नेमका यावरच. तुमच्याकडेही असे कोणी भाऊ असतील, तर एसरँडची ओळ त्यांना विचारूनच काढा. गुपचूप काढलीत, तर दुसऱ्या दिवशी ती जागेवर परत आलेली असेल आणि वर कॉमेंट असेल, 'कृपया हात लावू नये.'