अंगणातली लिंबोणी आणि खैऱ्या : पहिली इयत्ता

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत रो-हाऊस, मागं हातभर मोकळी जागा आणि तिथं एक कागदी लिंबाचं झाड. एवढ्या भांडवलावर हा अभ्यासक्रम सुरू करता येतो.

पानांवर ठिपके दिसले की आधी काहीच करू नका. शेजारी करतील. डावीकडच्या काकू ‘खत कमी पडतंय’ म्हणतील, उजवीकडचे काका ‘खत जास्त झालंय’. कुणीतरी नजर लागल्याचं निदान करून त्याच झाडाचं लिंबू, मिरच्या ओवून, त्याच झाडाला टांगेल.

मंडळी पांगली की पान तोडून ठिपक्यावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंनी खरकागदासारखं लागलं, ठिपका तपकिरी, फुगीर आणि भोवती पिवळं वलय, तर तो खैऱ्या. शिकलेले कँकर म्हणतात. हा जिवाणूंचा रोग. दुकानदारानं बुरशीवरची भारी पुडी दिलीच, तर परिणाम बहुधा पाकिटापुरताच दिसेल. पानात नागमोडी पांढरी रेघ असेल तर ती नागअळी. तिच्या जखमांतून खैऱ्याला आयती वाट मिळते. तरी ओळख पटेना? डहाळी कागदात गुंडाळून हिमायतबागेत जा. मुघलांच्या या बागेत आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे.

आता पाणी. आपल्या शहरात नळ येतो कित्येक दिवसांनी. आला की अंगण, स्कूटर, लिंबोणी सगळ्यांना एकाच पाइपानं आंघोळ. उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणूही पानोपानी फिरतात. पाणी आळ्यात घाला. पाऊस ऐकणार नाही, म्हणून मृगाआधीच रोगट फांद्या छाटा, गळालेली पानं उचला. नेमक्या लगडलेल्या फांदीवर खैऱ्या निघतो आणि घरात मतदान होतं. निकालाची वाट पाहू नका.

मग बोर्डो मिश्रण. मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवा; तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. सुरी स्वयंपाकघरातली नको, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. फवारणी त्याच दिवशी उरका.

फ्रान्समध्ये बोर्डो भागातले बागाईतदार हे मिश्रण रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मारत, ते वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेली केवडा रोगातून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५मध्ये त्यानं ते जाहीर केलं. तेव्हा निळसर पानं बघून भिंतीपलीकडचे हात आखडले, तर औषध निदान मूळ कामाला तरी लागलं असं समजा.