फळ्यावर स्पेलिंग, कपाटात निष्पत्ती

पहिली-दुसरीच्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग विचारणं थांबवा. पालकांनी थांबवा, शिक्षकांनी थांबवा, शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी तर सगळ्यांत आधी थांबवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी कळू लागलंय की नाही, हे त्यावरून समजत नाही. हे माझं मत आहेच, पण ते सरकारी कागदावरही आहे. तो कागद शाळांपर्यंत पोहोचलाय आणि बहुतेक ठिकाणी कपाटात पडलाय.

कागदाचं नाव अध्ययन निष्पत्ती. एनसीईआरटीने २०१७ साली इयत्तावार तयार केल्या, त्याच वर्षी शिक्षणहक्काच्या नियमांत त्यांना जागा मिळाली. पहिलीच्या इंग्रजीत त्या काय मागतात? चित्रातल्या ओळखीच्या वस्तूचं नाव सांगावं. साधी सूचना ऐकून तसं करावं. हातवारे करत गाणी म्हणावीत. अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखावेत. गोष्ट ऐकल्यावर त्यावरच्या प्रश्नाचं तोंडी उत्तर द्यावं, आणि हे उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, अगदी खुणांच्या भाषेतही. दुसरीतसुद्धा घरच्या भाषेला मोकळीक आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीत उत्तर दिलं म्हणून ज्या मुलांना बाकावर उभं करतात, दंड लावतात, त्यांच्या आईवडिलांनी ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून दप्तरात ठेवावी आणि गरज पडली की दाखवावी.

आता वर्गात काय चालतं ते बघू. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत. मुलं घरी कोकणा बोलतात, शाळेत मराठी शिकतात, म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. बाईंनी डस्टर हातात घेतला आणि दुसरीतल्या एका मुलाला म्हणाल्या, 'पुट द डस्टर अंडर द टेबल.' त्याने ठेवला. 'नाउ पुट इट ऑन द विंडो.' खिडकीवर ठेवला. बाहेरून आणलेल्या पानांच्या ढिगातून 'गिव्ह मी थ्री लीव्हज' म्हटल्यावर मोजून तीन दिली. मग बाई खाली बसल्या आणि त्यालाच सूचना द्यायला सांगितल्या. तो क्षणभर थांबला, मैत्रिणीकडे बोट करून म्हणाला, 'यू, गो डोअर.' कुणी हसलं नाही. बाईंनी चूकही काढली नाही. 'येस, गो टू द डोअर,' एवढं त्या सहज म्हणाल्या आणि मुलगी दाराकडे गेली. पुढच्या वेळी त्या मुलाने 'गो टू डोअर' म्हटलं. शिकणं असं दिसतं, इतक्या जवळून दिसतं, आणि त्याला फळाही लागत नाही.

त्याच मुलापुढे चाचणीत गाळलेली अक्षरं भरायचा प्रश्न आला. 'डस्टर'मधलं तिसरं अक्षर त्याला आठवलं नाही. रकाना कोरा राहिला, गुण गेले. ज्या वस्तूवर त्याने अर्धा तास इंग्रजीत हुकूम झेलले आणि सोडले, तीच वस्तू त्याला इंग्रजीत 'येत नाही' असं कागदाने ठरवलं.

जगात नवशिक्यांची इंग्रजी कशी मोजतात, हे पाहायला फार लांब जायला नको. युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या, ए-वन ते सी-टू. त्यांनाही पुढे जाणवलं की अगदी कोवळ्या नवशिक्याला पहिली पायरीसुद्धा उंच पडते, म्हणून २०२० च्या पूरक खंडात तिच्याखाली 'प्री ए-वन' ही पायरी सविस्तर मांडली. त्याच पायरीवरची केंब्रिजची 'स्टार्टर्स' परीक्षा आपल्या शहरांतले पालक फी भरून मुलांना द्यायला लावतात. तिथे तोंडी परीक्षा तीन ते पाच मिनिटांची. परीक्षक चित्र पुढे ठेवतो, वस्तू कुठे आहे विचारतो, मूल बोट ठेवतं. छोटी चित्रकार्डं सांगितलेल्या जागी ठेवायची असतात. शेवटी नापासाचा शिक्का नसतो, प्रत्येक भागाला एक ते पाच ढाली मिळतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी वापरले जाणारे 'विडा'चे निकषही पहिल्या पायरीवरच्या मुलाकडून हेच मागतात: बोट दाखव, चित्र काढ, करून दाखव. पैसे मोजणाऱ्याच्या मुलाला बोट ठेवून उत्तर देता येतं आणि पेठच्या मुलाला मात्र गाळलेलं अक्षर भरावं लागतं. हा भेद मला सहन होत नाही.

अक्षरांशी माझं वैर नाही. ती शिकवायचीच आहेत, निष्पत्तीतही आहेत. पण आपण क्रम उलटा केला. जूनमध्ये ए-बी-सी-डी, जुलैत चाररेघी वही, ऑगस्टमध्ये पाठांतराच्या यादीतले शब्द, आणि ऐकण्या-बोलण्याला कधी वेळ उरला तर. जो शब्द मुलाने कानांनी शंभरदा ऐकलाय, तोंडातून काढलाय, त्याची अक्षरं त्याला ओळखीची वाटतात. जो शब्द त्याने कधी वापरलाच नाही, त्याची अक्षरं तो केवळ मार वाचवण्यासाठी पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो.

याचं पुढे काय होतं, तेही मोजलेलं आहे. 'असर'च्या २०२२ च्या देशभरच्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांनाच इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना तपासलं, तेव्हा ५७.३ टक्क्यांनी वाक्यं वाचली, पण वाचणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक मुलांना अर्थ सांगता आला नाही. जीभ वाक्यावरून फिरते, डोक्यात काही उमटत नाही. माझ्या मते याचं मूळ पहिली-दुसरीतच आहे.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. तोवर ती पाचवीपासून होती. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी बरीच टीका झेलून तो निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. शहरातल्या मुलाला जे मिळतं ते वाडीवरच्या मुलालाही मिळायला हवं होतं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून स्वतःच्या मुलांचं नाव शाळेत घालतायत. इतक्या वर्षांत विषय सर्वत्र पोहोचला, मोजमाप मात्र जुनंच राहिलं.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. आपलंच इंग्रजी बोलणं कच्चं आहे या भीतीने कितीतरी चांगले शिक्षक फळ्याच्या आडोशाला जातात, कारण लिहिलेलं चुकत नाही. ती भीती जाऊ शकते. राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या 'तेजस' उपक्रमात प्राथमिक शिक्षकांचे गट नियमित एकत्र बसायचे, वर्गात काय चाललं काय फसलं ते बोलायचे, एकमेकांसमोर इंग्रजी वापरायचे. असे गट प्रत्येक केंद्रात कायमचे हवेत.

पण नोंदवहीचं काय करायचं? पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० गुण आणि संकलितला ३०, अशी चांगली सोय २०१० पासून आहे. निरीक्षण, तोंडी काम, कृती, सगळ्याला तिथे जागा आहे. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, 'सूचना समजून घेतो', 'शब्दांचा योग्य वापर करतो' ही वाक्यं पन्नास शाळांत पन्नास मुलांच्या नावापुढे उतरतात, आणि तोंडीचे गुण वहीतल्या सुबक अक्षरावर पडतात. ज्या मुलाने 'गो टू डोअर' म्हटलं, त्याचं ते वाक्य, तारखेसह, त्याच्या नावापुढे लिहा. दोन महिन्यांनी त्याचंच पुढचं वाक्य त्याखाली लिहा. निष्पत्तीची खरी नोंद ती.

केंद्रप्रमुखांनी वर्गात गेल्यावर नोंदवही नंतर मागावी. आधी कोणत्याही चार मुलांना चार सूचना द्याव्यात आणि काय होतं ते पाहावं. पालकांनी सभेत 'स्पेलिंग किती येतात' ऐवजी 'आमची पोर ऐकून काय काय करते, करून दाखवा' असं म्हणावं. तीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे एकूण दीड तास. आठवड्यात विभागला तर रोजची पंधरा मिनिटं. तेवढा वेळ पेठच्या त्या दोन शिक्षकी शाळेतसुद्धा निघतो.