पुढच्या सेटमध्ये

सेटभाऊला ओळखायची सोपी खूण सांगतो. परवा बाजारात आलेल्या सेटबद्दल त्याला काही विचारा. लग्न लागून गेल्यावर कोणी पत्रिका जुळते का म्हणून विचारायला आला, तर भटजी जसा बघेल तसा तो तुमच्याकडे बघतो. ‘‘तो? तो तं निघाला ना बावा. आता त्याच्यात काय राह्यलं?’’ आणि लगेच खुर्ची पुढं ओढून, आवाज बारीक करून म्हणतो, ‘‘पुढचा विचार. मजा पुढच्यात आहे.’’

हा सेट म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितातल्या डॉक्टरनं तो रचला आणि 1993 च्या ऑगस्टमध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीनं बाजारात आणला. जादूगार, ड्रॅगन, राक्षस, पाच रंगांची जादू. कार्डं बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते आपल्या कपाळावर. दर थोड्या महिन्यांनी नवा सेट येतो. त्याचं जग नवं, प्राणी नवे, नियमही थोडे नवे. सेट यायच्या आधी त्यात काय असेल हे सांगणं हे सेटभाऊचं काम. या कामाला पगार नाही, पण सुटीही नाही.

पोटापाण्यासाठी त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, कुडव्यात. गोंदिया कुठं संपलं आणि कुडवा कुठं लागलं हे आता ऑटोवाल्यालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, इतकं ते शहराला चिकटलेलं. दुकानात सातबारा, जातीचा दाखला, धानखरेदीची नोंदणी, असं सगळं होतं. शिवाय परीक्षांचे फॉर्म. इथंच घोटाळा होतो. एकदा मी टाचण्या घ्यायला गेलो असताना एमए झालेली एक मुलगी आली.

‘‘दादा, सेट कधी निघून राहिली?’’

मुलगी पुणे विद्यापीठ घेतं त्या प्राध्यापकीच्या परीक्षेबद्दल विचारत होती. सेटभाऊनं मान वर न करता सांगितलं, ‘‘ऑक्टोबरच्या आसपास.’’

‘‘सिलॅबस बदलला काय?’’

‘‘पूर्णच. औंदा काळ उलटा फिरवणार आहेत.’’

‘‘आणि निगेटिव्ह मार्किंग?’’

‘‘ते काळ्या रंगात असतेच. पण हिरवा घेतला तर वाचशील.’’

मुलगी वही छातीशी धरून दोन पावलं मागं सरली आणि समोरच्या दुकानात गेली. सेटभाऊच्या आईनं मात्र या घोटाळ्याचा संसारी उपयोग करून घेतला आहे. पाहुण्यांना ती सांगते, ‘‘पोरगा लय सालापासून सेटच्या मागं आहे.’’ यात खोटं एक अक्षर नाही. होणारा प्राध्यापक म्हणून त्याला तिरोड्याहून एक स्थळसुद्धा येऊन गेलं. मुलीच्या बापानं विषय कोणता म्हणून विचारलं. सेटभाऊ म्हणाला, ‘‘ड्रॅगन.’’

आता त्याची पद्धत. कंपनी सेटचं खरं नाव जाहीर करण्याआधी टोपणनावानं बोलते. एका मालिकेला तिनं खेळांची नावं दिली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं: आर्चरी, बेसबॉल, क्रिकेट, डायव्हिंग. ‘क्रिकेट’ हे नाव कानावर पडलं तेव्हा सेटभाऊनं तीन दिवस दुकानात लक्ष घातलं नाही. अमेरिकेला अखेर आपली आठवण आली, हा त्याचा निष्कर्ष. शापित पंच, उडते यष्टिरक्षक, जमिनीतून उगवणाऱ्या यष्ट्या, अशी कार्डांची यादीच त्यानं वहीत उतरवली. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत तो सेट आला. नाव ‘इकोरिया’, जग महाकाय श्वापदांचं, आणि वरून गॉडझिलाची खास कार्डं. चेंडू कुठंही नाही. सगळा देश घरात कोंडलेला असल्यामुळं त्याला तोंडावर विचारायला कोणी जाऊ शकलं नाही, हा कोरोनाचा सेटभाऊला झालेला एकमेव फायदा. नंतर विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘‘क्रिकेट पुढच्या सेटमध्ये.’’

हे वाक्य त्याचं रामबाण औषध आहे. जे निघालं नाही ते चुकलं नाही. ते पुढच्या सेटमध्ये आहे.

ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो. पुढं याच मालिकेत ‘रेसलिंग’ हे नाव आलं तेव्हा त्यानं छातीठोक सांगितलं, ‘‘कुस्ती येणार नाही. लिहून घ्या.’’ आणि खरोखर आली नाही. ते निघालं लॉरविन, 2007 साली येऊन गेलेलं परीकथेसारखं जग. 2026 च्या जानेवारीत ते ‘लॉरविन एक्लिप्स्ड’ म्हणून परतलं. काय येणार हे सेटभाऊ बोलला नव्हता, पण काय येणार नाही हे बरोबर बोलला होता, आणि वहीत या ओळीभोवती लाल चौकट आहे. चौकटी तशा कमीच आहेत. निळी शाई पुष्कळ.

मार्क रोझवॉटर हे त्याचं दैवत. खेळाचा मुख्य रचनाकार. सेट यायच्या आधी हा गृहस्थ अर्धवट सूचना सोडतो: अमुक शब्द एका कार्डाच्या नावात आहे, तमुक गोष्ट बऱ्याच वर्षांनी परत येते आहे. एवढ्यावर जगभरचे सेटभाऊ महिनाभर रवंथ करतात. याच रोझवॉटरनं एक मापपट्टीही काढली आहे. जुनं जग परत येण्याची शक्यता किती, ते एक ते दहा आकड्यांत सांगायचं. एक म्हणजे येणारच, दहा म्हणजे विसरा. तिचं नाव रबाया, 1993 च्या ‘अरेबियन नाइट्स’ सेटमधल्या जगावरून. त्या जगाचा स्वतःचा आकडा दहा.

ही मापपट्टी सेटभाऊनं कुडव्यात रुजवली. आता पानठेल्यावरही आकड्यांत बोलतात. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून 2022 साली प्रवासी विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत बंद पडलं, तेव्हा सेटभाऊनं त्याला नऊ दिले होते. 2023 च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीचं विमान उडालं. कोणीतरी वही मागितली. ‘‘मी जुन्या विमानाले नऊ दिले होते,’’ तो म्हणाला, ‘‘हा नवीन सेट आहे.’’ माणूस वकील व्हायचा तो झेरॉक्सवाला झाला, असं मला तेव्हा वाटलं.

पण त्याच्या आयुष्याचा सोनेरी काळ म्हणजे 2016. चांद्रा नावाची आगीशी खेळणारी नायिका या खेळात बरीच वर्षं आहे. तिचं माहेर ‘कालादेश’ हे 2015 पासून ठाऊक झालं होतं, आणि त्या जगाचा सेट 2016 च्या 30 सप्टेंबरला आला. हिंदुस्थानी वळणाचं जग! सेटभाऊनं वर्षभर आधी तयारी केली होती. नागझिऱ्याचा वाघ असणार, मालगुजारी तलाव असणार, धानाचं पुंजणं असणार आणि त्यातून साप निघणार. निघालं काय, तर घिरापूर नावाचं चकचकीत शहर, नक्षीदार पितळी यंत्रं, शोध लावणाऱ्यांचा मोठा मेळा आणि ईथर नावाची शक्ती, जिच्यावर सगळं चालतं. त्या ईथरचा पुरवठा सरकारच्या मुठीत.

हे सगळं तो ओट्यावर बसून सांगत असताना त्याचे बाबूजी पहिल्यांदाच या खेळात गुंतले.

‘‘मंजे लोकायले ईथर मोजून देतात?’’

‘‘हो बाबूजी.’’

‘‘आणि थ्री फेज रातीच येते काय?’’

सेटभाऊ विचारात पडला. इतकी आतली समज त्याला कोणाकडून मिळाली नव्हती. चांद्राला मेली समजलेली आई याच जगात भेटते, हेही त्यानं सांगितलं. त्यावर त्याच्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘गळ्यातल्या लॉकेटवरून वळखली काय?’’ कुडव्यातल्या माणसांनी हिंदी सिनेमे वाया घालवलेले नाहीत.

याच सेटमध्ये ‘स्मगलर्स कॉप्टर’ नावाचं उडतं वाहन होतं. सेटभाऊनं पुण्याच्या मावसभावाला फोन करून सांगितलं की हे कार्ड पुढची दोन वर्षं राज्य करणार, चार घेऊन टाक. चारच, कारण एका गड्डीत त्याहून जास्त चालत नाहीत. त्यानं घेतली. कार्ड इतकं जबरदस्त निघालं की 2017 च्या जानेवारीत कंपनीनं मुख्य स्पर्धाप्रकारातून त्यावर बंदीच घातली. मावसभाऊ चिडला. सेटभाऊचं म्हणणं, ‘‘राज्य केलं का नाही ते सांग. मुदत थोडी इकडंतिकडं होते.’’

पुढं 2025 च्या फेब्रुवारीत ‘ईथरड्रिफ्ट’ हा शर्यतींचा सेट आला, तेव्हा क्रांती होऊन गेलेल्या कालादेशाचं नावच बदललेलं होतं: आविष्कार. सेटभाऊनं वही उघडून दाखवली. त्यात ओळ होती, ‘काहीतरी बदलेल.’ भोवती लाल चौकट. ‘‘आपल्याकडं जिल्ह्यायची नावं बदलून राहिली,’’ तो म्हणाला, ‘‘अमेरिकेले काय मुहूर्त लागते?’’

स्वतः तो खेळतो का? फोनवर, कधीमधी. हातात धरायची कार्डं त्याच्याकडे फारशी नाहीत. मावसभाऊ दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसनं येतो तेव्हा एखादं पाकीट आणतो, आणि ते उघडणं हा एक सोहळा असतो. म्हणजे न उघडणं. सेटभाऊ पाकीट कानाशी नेतो, उजेडात धरतो, अंगठ्यानं कड चाचपतो, पाठीमागची बारीक अक्षरं वाचतो. मग आतल्या कार्डांची नावं सांगायला लागतो. दोन तास जातात. पोरं म्हणतात, दादा फोडा ना. तो पाकीट गल्ल्याच्या खणात टाकतो, जिथं आधीची पाकिटं मुद्रांकांच्या खाली पडलेली असतात. ‘‘फोडलं का संपलं,’’ तो म्हणतो. अशी किती पाकिटं त्या खणात आहेत हे त्याच्या आईलाही माहीत नाही. ती मेणबत्त्या समजते.

बाबूजींचा या खेळाशी पुन्हा संबंध आला तो 2023 मध्ये. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या सेटमध्ये कंपनीनं ‘द वन रिंग’चं एक कार्ड जगात एकच छापलं होतं. ते कॅनडात एकाला सापडलं आणि पोस्ट मलोन या गायकानं ते विकत घेतलं. किंमत वीस लाख डॉलरच्या घरात गेल्याचं छापून आलं. सेटभाऊनं रुपये करून सांगितलं: सोळा कोटी. बाबूजींनी त्या सालच्या 2183 च्या हमीभावानं भागाकार केला, तोंडी. ‘‘73 हजार क्विंटल धान,’’ ते म्हणाले. ‘‘एका पत्त्यात.’’ मग बराच वेळ गप्प बसून, ‘‘ते खण उघड पाहू जरा.’’

सेटभाऊनं उघडलं नाही.

अलीकडं मात्र धंद्यावर संक्रांत आली आहे. कंपनी आता वर्ष वर्ष आधी नावं जाहीर करते. शिवाय जगं उसनी आणते. 2025 मध्ये फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि अवतार येऊन गेले. 2026 साठी सात सेट सांगितले, त्यांत निन्जा कासवं, मार्व्हलचे वीर, हॉबिट आणि स्टार ट्रेक. सेटभाऊचा संताप मी समजू शकतो. ‘‘स्पायडरमॅनच्या सेटमध्ये कोण असणार हे सांगाले माणूस लागते काय?’’ तो विचारतो. ‘‘शेंबडं पोरगं सांगते.’’ खेळणाऱ्यांना उसनी जगं आवडतात, खप तुफान होतो, हे त्याला कबूल आहे. पण जिथं अंदाजच उरला नाही तिथं सेटभाऊनं जावं कुठं?

तो ओट्यावर गेला. तिथं बाबूजींची मंडळी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात धानाला बोनस किती जाहीर होणार यावर डोकं लावत होती. 2023 मध्ये हेक्टरी वीस हजार झाला होता, दोन हेक्टरपर्यंत. तेव्हापासून ओट्यावर दर हिवाळ्यात आकडे चढतात. कोणी पंचवीस म्हणे, कोणी तीस. आजवर सेटभाऊ या लोकांना हसत आला आणि ते त्याला. यावेळी तो वही घेऊन बसला. मंत्री मागच्या महिन्यात गोंदियात काय बोलले, कोणत्या शब्दावर थांबले, भाषणात ‘सकारात्मक’ किती वेळा आलं, ‘लवकरच’ किती वेळा, हे त्यानं एकेकाला विचारून लिहून घेतलं. मंडळी दबून उत्तरं देत होती. इतक्या गांभीर्यानं त्यांच्या बोनसकडं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

‘‘सत्तर टक्के पंचवीस हजार,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘आणि नाही निघाला तं?’’ बाबूजींनी विचारलं.

सेटभाऊनं वही मिटली.

‘‘पुढच्या सेटमध्ये.’’