कंपल्सरीचा पेपर

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीचा एक पेपर प्रत्येकाला घ्यावाच लागत आला आहे. त्याला ‘कंपल्सरी’ म्हणतात. ज्यांना इंग्रजी बेताचे येते त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम असतो आणि इंग्रजी बऱ्यापैकी येत असल्याखेरीज त्याचे पुस्तक वाचता येत नाही. ही अडचण सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे पुस्तक सहसा कोणी वाचत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले तेव्हा इंग्रजी एका पेपरापुरते नव्हते. शिक्षणच इंग्रजीतून होते, त्यामुळे इतिहासात नापास होणाराही इंग्रजीतूनच नापास होई. ज्यांच्या नावावर इंग्रजीला दिलेली वाघिणीच्या दुधाची उपमा सांगितली जाते, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात शाळा काढली, तिचे नावही न्यू इंग्लिश स्कूल. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कला शाखेचे विषय मराठीतून शिकायची आणि लिहायची सोय झाली आणि इंग्रजीची सत्ता आक्रसत एका पेपरापुरती उरली. संस्थान खालसा झाले तरी तोफांची सलामी चालू राहावी, तसा तिचा रुबाब मात्र कमी झाला नाही. मराठी शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच सुरू झाले. म्हणजे आजचा विद्यार्थी एक अख्खे तप इंग्रजी शिकून महाविद्यालयात येतो. तिथे पहिल्या तासाला त्याला ‘अ, अ‍ॅन आणि द’ शिकवतात.

अभ्यासक्रमाचे ढोबळ भाग चार: गद्य, पद्य, व्याकरण आणि संभाषणकौशल्ये. पद्यात रॉबर्ट फ्रॉस्टची बर्फातल्या रानापाशी थांबण्याची कविता हटकून भेटते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत परीक्षेची तयारी करणाऱ्या जळगावच्या मुलाला तिच्यातला गारवा आवडतो. त्याहून जास्त ती आखूड आहे हे आवडते.

गद्यात ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅगी’ अनेक पुस्तकांत असते. १९०५ सालची गोष्ट. नाताळात नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी बायको आपले लांबसडक केस विकते आणि तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला नवरा ते घड्याळ विकून आलेला असतो. प्राध्यापक ही गोष्ट वर्गाला मराठीत सांगतात, आणि चांगली सांगतात. मग वर्ग जागा होतो. आधी एकमेकांना विचारायला काय झाले होते, असा मागच्या बाकावरून प्रश्न येतो. केस पुन्हा वाढतील, घड्याळ काही उगवायचे नाही, तेव्हा नुकसान नवऱ्याचेच जास्त झाले, असा हिशेब कोणी मांडते. त्यावर, सोन्याचे घड्याळ वडिलांकडून आलेले, ते मुळात विकलेच कसे, म्हणून मुलींच्या बाजूने हरकत निघते. गोष्टीच्या शेवटावर इतकी खरी समीक्षा क्वचितच होत असेल. मात्र यातले एक अक्षर उत्तरपत्रिकेत उतरत नाही. तिथे सगळे मिळून ‘ओ. हेन्री इज अ ग्रेट रायटर’ एवढेच लिहितात, कारण गाईडात तेवढेच असते.

गाईड हा या अभ्यासक्रमाचा खरा ग्रंथ. पाठ, सारांश, शब्दार्थ, प्रश्नोत्तरे आणि शेवटी ‘अपेक्षित प्रश्न’ असा त्याचा क्रम असतो, आणि तो उलट्या बाजूने वाचायची परंपरा आहे. गाईडाचे इंग्रजी पाठाहून सोपे, पण पाठ करायला अवघड. म्हणून हुशार मुले उत्तराचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद पाठ करतात. मधले तपासणारा वाचत नाही अशी त्यांची श्रद्धा असते, आणि गठ्ठ्यांचा आकार पाहता ती अगदीच अंधश्रद्धा म्हणता येणार नाही.

व्याकरणाचा आधार रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे त्याने फ्रेंच फॉरेन लिजनच्या शिपायांवर ‘बो जेस्ट’ (१९२४) ही गाजलेली कादंबरी लिहिली. शिस्तीची आवड दोन्हीकडे दिसते. या भागाचे सार म्हणजे वाक्य मोडून तेच वाक्य पुन्हा जोडणे. ‘टू’ काढा, म्हटले की ‘ही इज टू वीक टू वॉक’ याचे ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ करायचे. हा अशक्त गृहस्थ कित्येक पिढ्या तसाच पडून आहे. त्याला काय झाले हे कोणी विचारलेले नाही. पोलिसाला पाहून पळणारा चोरही जुनाच. तो एकदा ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ने पळतो, एकदा ‘नो सूनर’ने, एकदा ‘हार्डली’ने. सापडत कधीच नाही, कारण पोलिसाला त्या वाक्यात पाहिले जाण्यापलीकडे काम नसते.

संभाषणकौशल्यांत स्वतःची ओळख, विनंती, दिलगिरी आणि रस्ता विचारणे शिकवतात. पुस्तकातला मनुष्य टपाल कचेरीचा रस्ता विचारायला आधी क्षमा मागतो, मग परवानगी, मग रस्ता, आणि शेवटी दोघे एकमेकांचा दिवस चांगला जावो म्हणतात. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर एवढ्या वेळात गाडी निघून गेलेली असते. या संवादांच्या सरावासाठी भाषा-प्रयोगशाळा असते. तिथले संगणक झाकलेले आणि दाराला कुलूप. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की कुलूप निघते, हेडफोन पुसले जातात आणि निवडक मुले त्या दिवशी न चुकता ऐकतात.

परीक्षेतला सर्वांत दयाळू प्रश्न उताऱ्याचा. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा, तो जिथे सापडेल ते वाक्य आणि खबरदारी म्हणून शेजारची दोन उतरवून काढायची. पत्रलेखनात प्राचार्यांना तापाचे कारण देऊन रजा मागतात. प्रत्यक्षात रजा मागायची पद्धत नसल्यामुळे हा अर्ज आयुष्यात एकदाच, पेपरातच लिहिला जातो.

ज्याला इंग्रजी बोलायचेच असते तो हे सगळे सोडून दुसरीकडे जातो. पूर्वी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, मग कपिल देवची जाहिरात असलेले रॅपिडेक्स आले, मग गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे क्लास, आणि आता मोबाईल. कॉल सेंटरच्या मुलाखतीला निघालेली मुलगी पाठमालेपेक्षा मोबाईलवरच्या क्रिकेट समालोचनातून जास्त शिकलेली असू शकते. कंपल्सरीचे गुण तिला तिथे कोणी विचारत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा भाषा-पेपरांची जागा क्षमतावर्धन अभ्यासक्रमांच्या चौकटीत आली. श्रेयांक कमी झाले आणि पुस्तक बारीक. शिकवायला बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतात. त्यांचे मानधन पाठातल्या कवितेसारखेच आखूड, आणि उशिरा हाती लागणारे.

उरली केटी, म्हणजे मागे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाण्याची सवलत. इतर सर्व विषय सुटून फक्त कंपल्सरी राहिली, अशी मुले प्रत्येक महाविद्यालयात असतात. ती शेवटच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांत बसून पेपर देतात. तोवर अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुने गाईड छापायचे थांबलेले असते. मग ते पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधावे लागते. तिथे मिळालेल्या प्रतीत आधीच्या मालकाने पेन्सिलीने प्रश्नांसमोर चांदण्या काढून ठेवलेल्या असतात. ज्या प्रश्नाला तीन चांदण्या, तो पाठ करून जायचा. आधीचा मालक पास झाला होता की नाही, याची चौकशी दुकानदाराकडे करून उपयोग नसतो.